अधिक महिन्यातलं मेहूण

माझे आईबाबा वेगळे झाले तेव्हा आई माहेरी गेली नाही, सासरी गेली. हे मी आजवर ज्याला ज्याला सांगितलं त्याने मला थांबवून विचारलंय, की बाई, उलटसुलट तर बोलत नाहीस ना? नाही. आईचे आईवडील मी लहान असतानाच गेलेले, भाऊ नागपूरला, आणि भावजयीने दारात सूटकेस बघितली असती तर आधी विचारलं असतं, किती दिवस? म्हणून आईने टेंपोवाल्याला इंदूरचाच जुना भाग, जुनी इंदूर, सांगितलं आणि ती बाबांच्या सख्ख्या आत्याकडे जाऊन उतरली. या आत्याला सगळं गाव अक्का म्हणायचं. अक्काने लग्न केलं नव्हतं. टेलिफोन एक्सचेंजात तीस वर्षं तिने शहरातल्या लोकांच्या लाईनी जोडल्या आणि, ती स्वतःच कबूल करायची, थोड्या ऐकल्यासुद्धा. त्यामुळे संसार या विषयातली तिची माहिती चार-चार लग्नं केलेल्या बाईपेक्षा जास्त होती. आई जिना चढून वर आली तेव्हा अक्काने एवढंच विचारलं, "जेवलीस का?" खाली एका हार्डवेअरवाल्याचं गोदाम होतं. सियागंजच्या ठोक बाजारातून हातगाड्या यायच्या, लोखंडी पाइप दणादण जमिनीवर पडायचे, आणि त्या आवाजात आई वरच्या खोलीत दिवसभर काय करत होती ते कोणाला ऐकू गेलं नाही. रडत असावी.

आता बाबांचा गुन्हा सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल दारू असेल, बाई असेल. तसलं काही नव्हतं. बाबांचा गुन्हा म्हणजे पोहे. बाबा विजेच्या ऑफिसात होते आणि रविवारी सकाळी फिरायला जायचे. जाताना एकटे जायचे, येताना कधीच एकटे नसायचे. रस्त्यात जो भेटेल त्याला, "अरे भिया, ऐसे कैसे जा रिये हो, घर चलो, पोहे खाके जाना." आणि दारातूनच आत हाक, "नीला, चार जण आहेत गं." चार म्हणजे सहा, सहा म्हणजे नऊ. आई बँकेत क्लार्क होती. आठवड्यात तिला एकच सुट्टी मिळायची आणि ती अशी कढईत जायची. "फक्त पोहेच तर करायचेत," हे बाबांचं वाक्य. बडीशेप घाल, कांदा घाल, कोथिंबीर चिर, वर शेव आणि जिरावन मसाला भुरभुरव, लिंबू काप, मग चहा. सगळे भरपूर तारीफ करायचे. "भाभी के हाथ का जवाब नहीं." भाभी तेव्हा ओट्याशी उभी राहून दुसरा घाणा परतत असायची.

बँकेची ऑफिसरची परीक्षा आईने दोन वर्षं अभ्यास करून द्यायची ठरवली होती. पीठ मळता मळता ती पुस्तक डब्याला टेकवून वाचायची, त्या पुस्तकाच्या पानांना अजून कणीक लागलेली आहे, माझ्याकडे आहे ते. परीक्षा रविवारी होती, दहा वाजता. बाबांना माहीत होतं. त्यांनीच आदल्या दिवशी तिला नवं पेन आणून दिलं. आणि सकाळी नऊला अकरा जण घेऊन आले. त्यांच्या लक्षातूनच गेलं, असं ते म्हणाले, आणि ते खरं होतं, तोच तर सगळा प्रॉब्लेम होता. आईने अकरा जणांचे पोहे केले. केंद्रावर पोचली तेव्हा गेट बंद झालं होतं. घरी येऊन तिने कढई घासली, पालथी घातली आणि दुसऱ्या दिवशी गेली. पुष्कळ वर्षांनी मी तिला विचारलं, की तू तेव्हा सरळ परीक्षेला निघून का नाही गेलीस? म्हणाली, "पोहे भिजवलेले होते गं. वाया गेले असते."

मी तेव्हा सोळा वर्षांची. सोमवार ते गुरुवार अक्काकडे, शुक्रवार ते रविवार बाबांकडे, अशी माझी वाटणी झाली. बाबांना खिचडी येत होती. ती ते रोज करायचे आणि रोज वेगळी शेव घालून वेगळा पदार्थ म्हणून वाढायचे. लवंगेची शेव घातली की शुक्रवारची, लसणाची घातली की शनिवारची. रविवारचे मित्र दोन आठवडे आले, चहावर परत गेले, मग येईनासे झाले. बाबा फिरून एकटेच परत यायचे, पेपर उघडायचे आणि पहिलंच पान तासभर वाचायचे. मला त्यांचा राग होता, पण ते बघवायचं नाही.

बाहेर कोणाला काही सांगायचं नाही, असं ठरलं होतं. लोकांना काय सांगायचं, तर अक्काचा गुडघा गेलाय म्हणून नीला तिच्या सेवेला राहिलीय. अक्काचे गुडघे ठणठणीत होते. ती सकाळी गच्चीवर चाळीस फेऱ्या मारायची. पण जिन्यावर कोणाची चाहूल लागली की बिचारी लंगडायला लागायची. सुरुवातीला कधी उजवा पाय, कधी डावा, असं व्हायचं. मग मी तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला लाल दोरा बांधून दिला, लक्षात राहावं म्हणून. शेजारच्या पुराणिककाकूंना तो दोरा मंतरलेला वाटला. त्यांनी कोणाकडून आणला म्हणून विचारलं आणि अक्काने उज्जैनच्या कुठल्याशा बाबाचं नाव घेतलं. दीड वर्षं लंगडली ती. "तुमचं भांडण मिटेपर्यंत माझा पाय खरंच जाईल," म्हणायची.

वर्ष झालं आणि दोघांनी राजीखुशीने घटस्फोटाचा अर्ज केला. वकील होते तिवारीजी, बाबांचे मित्र. दोघांचा मिळून एकच वकील, कारण भांडायचं काही नव्हतंच. आईने त्यांना बघितलं आणि म्हणाली, "तिवारीजी, उस दिन आपने दो बार पोहे लिए थे." तिवारीजी फाइलमध्ये तोंड घालून म्हणाले, "भाभी, पाप लगेगा मुझे." कोर्टाने सहा महिन्यांची मुदत दिली, सोच लो म्हणून. त्याच सुमारास आईने परीक्षा परत दिली आणि पास झाली. आनंदच होता, पण पोस्टिंग जबलपूरचं निघायचं होतं. मग तिवारीजींनी मला बाजूला घेऊन प्रेमाने सांगितलं, "बिटिया, जज साहब तुमसे पूछेंगे, किसके साथ रहना है. सोच के रखना." आई म्हटलं तर जबलपूर, आणि बाबा त्या पेपरच्या पहिल्या पानाशी एकटे. बाबा म्हटलं तर आईने अकरा जणांसाठी सोडलेल्या परीक्षेवर मीसुद्धा शेव भुरभुरल्यासारखं. आरशासमोर उभी राहून मी दोन्ही उत्तरं म्हणून बघायची. दोन्ही म्हणताना तोंड वाकडं व्हायचं.

तारखेच्या आधीचा महिना नेमका अधिक आला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, अधिक महिन्यात नवरा-बायकोची जोडी, म्हणजे मेहूण, जेवायला बोलवायचं, त्यांना लक्ष्मी-नारायण समजून त्यांचे पाय धुवायचे, पुरणावरणाचं वाढायचं, तेहतीस अनारसे द्यायचे. पुण्य मोठं. पण अडचण अशी, की जुन्या इंदूरमधल्या आमच्या मराठी घरांतली तरुण जोडपी पुण्या-बंगलोरला गेलेली, आणि म्हाताऱ्यांमध्ये एकतर नारायण गेलेला, नाहीतर लक्ष्मीला शुगर. धडधाकट, दोन्ही वेळेवर येणारं, चार पुरणपोळ्या पचवणारं मेहूण मिळणं मुश्किल. पहिल्याच आठवड्यात पुराणिककाकू जिना चढून आल्या. अक्का लगेच लंगडली. काकू म्हणाल्या, "नीला, गुरुवारी तू आणि श्रीकांतराव आमच्याकडे मेहूण. नाही म्हणायचं नाही हं, मेहुणाने नाही म्हणू नये."

काकू गेल्यावर आई म्हणाली, "अक्का, हे पाप आहे. आमचा अर्ज कोर्टात आहे आणि मी त्यांच्या शेजारी लक्ष्मी होऊन बसू?" अक्काने चष्मा काढून पुसला. ती विचार करताना नेहमी चष्मा पुसायची. म्हणाली, "तारीख होईपर्यंत तुम्ही कायद्याने नवरा-बायको आहात की नाही? आहात. मग पुराणिकबाईंची फसवणूक कशी? उलट नाही म्हणालीस तर कारण सांगावं लागेल. सांगतेस?" आईने मग काकूंना नाही म्हटलं नाही. बाबांना निरोप मी दिला. बाबा म्हणाले, "मैं क्या पहनूँ?" घाबरले की बाबा हिंदीत जायचे.

तो गुरुवार मला अजून लख्ख दिसतो. दोन पाट, दोन ताटांभोवती रांगोळी, उदबत्तीचा वास आणि पुरणाचा त्याच्यावर वरचढ. बाबा सोवळं सांभाळत आखडून बसलेले, आई हिरव्या साडीत, दोघांच्या मध्ये एक वीत अंतर. काकूंनी दोघांचे पाय धुतले तेव्हा आईने पाय एवढा मागे घेतला की तांब्या कलंडला. मग वाढणं सुरू झालं आणि माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आई आणि बाबा शेजारी शेजारी बसून जेवताहेत, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. घरी बाबा आणि मी बसायचो, आई वाढायची, तिचं जेवण नंतर ओट्याशी उभ्या उभ्या. इथे तिला उठायला बंदी होती. दोनदा ती सवयीने वाढायला उठली आणि दोनदा काकूंनी खांदा दाबून खाली बसवलं. मग आला उखाणा. नाव घ्या, नाव घ्या, सगळ्या बायका मागे लागल्या. आईने ताटाकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली,

"तेहतीस अनारशांचं ताट, वर तुपाची धार,
श्रीकांतरावांचं नाव घेते, दारात पाहुणे चार."

बायका हसल्या. बाबांना ठसका लागला, तो बराच वेळ थांबला नाही.

पुराणिकांकडे मेहूण छान जेवलं, ही बातमी गल्लीभर झाली. झालं, बुकिंग सुरू. महिनाभरात माझ्या आईबाबांनी चौदा घरी लक्ष्मी-नारायण म्हणून जेवण केलं. मीही बरोबर असायची, मेहुणाची मुलगी म्हणून मला वेगळं ताट. अर्ज घटस्फोटाचा आणि वजन तिघांचं वाढलेलं. बाबा स्कूटरवर यायचे, आईला अक्काच्या दारातून घ्यायचे, जेवून परत सोडायचे. पहिल्या चार-पाच वेळा दोघं बोलले नाहीत. मग बाबा बघायला लागले. म्हणजे आई जेवते कशी, ते. मला घरी येऊन सांगायचे, एखादा शोध लागल्यासारखं, "अगं, ती कढी पिते. वाटीने पिते. मला वाटायचं तिला आवडत नाही." मी म्हटलं, "घरी तिच्यापर्यंत कढी उरायची कुठे?" दुसऱ्या दिवशी, "पुरणपोळीची कड आधी खाते. मधलं शेवटी ठेवते." अठरा वर्षांच्या संसारात या माणसाने बायकोला जेवताना पाहिलेलं नव्हतं, आणि मला सांगताना त्यांचा आवाज असा व्हायचा की माझं हसू अर्ध्यात राहायचं.

बाराव्या घरी यजमानीणबाई हौशी होत्या. त्यांनी पंचपक्वान्नांच्या जोडीला दडपे पोहे केले होते. आईने हात आडवा धरला. "घ्या ना, एवढेसे." "नको, मला पोहे चालत नाहीत." बाबांचा घास तोंडापाशी थांबला.

"चालत नाहीत म्हणजे?"

"आवडत नाहीत."

"कब से?"

"जन्मापासून," आई म्हणाली आणि मठ्ठ्याची वाटी पुढे केली.

इंदुरात राहून पोहे आवडत नाहीत म्हणणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. यजमानीणबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. पण बाबांचं काही वेगळंच झालं. त्या दिवशी स्कूटर त्यांनी ढकलतच नेली, आई एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. जुन्या इंदूरच्या त्या बोळातून अर्धा रस्ता झाल्यावर म्हणाले, "बोलली का नाहीस कधी?" आई म्हणाली, "विचारलंत का कधी?" अक्काच्या दाराशी बाबांनी स्कूटर उभी केली. बाबांनी जाताना मला "येतो" म्हटलं, आणि मग आईलाही म्हटलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मेहूण अक्काकडे होतं. तिसऱ्या दिवशी कोर्टाची तारीख. मला जेवण जात नव्हतं. बँकेतून जबलपूरची ऑर्डर आली होती, ती आईच्या पर्समध्ये होती, आणि पर्स समोरच खुंटीला. पुराणिककाकू मदतीला आलेल्या, त्यामुळे अक्का वाढतानाही लंगडत होती. जेवणं उरकत आली तेव्हा काकू म्हणाल्या, बायका तर नेहमीच नाव घेतात, आज श्रीकांतराव घेतील. बाबा अशा वेळी हसून टाळायचे. त्या दिवशी त्यांनी हात धुतला, पाटावर सरळ बसले, आणि खिशातून एक चिठ्ठी काढली. चिठ्ठी बघून मला कळलं की हे आधीच ठरलेलं आहे. त्यांनी ती वाचली, पोलिसात जबानी द्यावी तशी,

"सराफ्यात जिलबी, सियागंजात गूळ,
नीलाचं नाव घेतो, भांडणाचं मीच मूळ."

काकू म्हणाल्या, "भांडण? कुणाचं भांडण?" अक्का म्हणाली, "कुणाचं काय, नवरा-बायकोचं, होतच असतं," आणि घाईघाईने भाताचं भांडं उचलून आत गेली. तरातरा गेली, दोन्ही पायांनी. काकूंनी ते बघितलं. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या, "बघा, अधिक महिन्याचं पुण्य. गुडघा सुटला बाईचा." पुढे कित्येक वर्षं त्या भागात गुडघेदुखीवर मेहूण जेवू घालायचा उपाय सांगितला जात असे, तो असा सुरू झाला. या सगळ्या गडबडीत मी आईकडे बघत होते. ती ताटातल्या अनारशाचा तुकडा मोडत होती, परत जोडत होती. डोळे भरलेले होते, पण बोलली एवढंच, "गूळ सियागंजात स्वस्त नाही आता."

कोर्टात मी उत्तर पाठ करून गेले. पांढरा कुर्ता, दोन वेण्या. जजसाहेब वयस्क होते, थकलेले होते. त्यांनी फाइल चाळली आणि विचारलं, "छह महीने हो गए. दोनों का फैसला वही है?" बाबा खाली बघत होते. तिवारीजी छताकडे. आई म्हणाली, "साहब, थोड़ा टाइम और चाहिए."

"किसलिए?"

"इनको अभी पंधरा दिन पहले पता चला, कि मुझे पोहे पसंद नहीं. बाकी भी बहुत कुछ है, जो इनको पता चलना है."

साहेबांनी चष्म्यावरून आईकडे बघितलं. "पोहे पसंद नहीं? इंदौर में?" मागच्या बाकावरचे सगळे हसले, शिपायासकट. साहेबांनी पुढची तारीख दिली आणि दुसरी फाइल उघडली. मला कोणी काही विचारलंच नाही.

बाहेर आलो तर बारा वाजले होते आणि अधिक महिना संपला होता. म्हणजे त्या दिवशी आमचं कोणाकडे जेवण नव्हतं. तिघं रस्त्यावर उभे. सवयीने बाबा कोपऱ्यावरच्या ठेल्याकडे वळले, तिथला माणूस ओळखीचाच, त्याने बाबांना बघताच पातेल्यावरचं झाकण काढलं. "आओ भिया, तीन पोहे?" बाबांचा हात नेहमीसारखा वर झाला होता. तो त्यांनी खाली घेतला. म्हणाले, "दो." मग आईकडे वळले आणि विचारलं, "तुला काय?"

आईने बराच वेळ घेतला. ठेल्यावर काय काय आहे ते वाकून बघितलं, कचोरी दाबून बघितली, बाबा उभे, मी उभी, ठेलेवाला डाव हातात धरून उभा. मग म्हणाली, "गरम जिलबी. आणि बसायला काहीतरी." बाबा रस्ता ओलांडून गेले आणि समोरच्या सायकलवाल्याकडून स्टूल घेऊन आले. पुसलं आपल्या रुमालाने. आई बसून जेवली, आम्ही दोघं उभ्याने.

लगेच काही ती घरी आली नाही, तुम्ही सिनेमातलं समजू नका. दिवाळीनंतर आली, तेसुद्धा अटी घालून, आणि अर्ज त्यानंतर मागे घेतला. बँकेत हातापाया पडून जबलपूरच्या ऐवजी उज्जैन मिळवलं आणि निवृत्त होईपर्यंत रोज बसने गेली. रविवारी मित्र पुन्हा यायला लागले, पोहे बाबा करायला लागले, सुरुवातीला चिकट, मग बरे. अक्काला मी एकदा विचारलं, की तू हे सगळं ठरवून केलंस ना? ती रागावली. "मला शेवटच्या दिवशी मेहूण पाहिजे होतं, मिळत नव्हतं. तुमच्या भानगडीत पडायला मला वेळ होता कुठे, लंगडण्यातून." परवा माझ्या मैत्रिणीची मुलगी नवऱ्यापासून दोन महिने वेगळी राहून परत गेली, तिने समुपदेशकाला सहा वेळा भेटल्याचं सांगितलं. मी विचारलं, "तुझ्या नवऱ्याने तुला जेवताना पाहिलंय का कधी?" ती म्हणाली, मावशी, तू पण ना.

साहेबांनी विचारलं असतं तर मी काय सांगणार होते, ते मी घरात कोणाला कधीच सांगितलं नाही. आरशासमोर दोन्ही नावं जमेनात तेव्हा मी तिसरं शोधून ठेवलं होतं. मी म्हणणार होते, अक्काकडे. म्हणजे मग मला बघायला दोघांनाही तोच जिना चढावा लागला असता. बाबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत, हात थरथरतो, पण रविवारी पोहे तेच करतात. ताटं मांडली की आईला विचारतात, "तुला काय?" आई अजून दर वेळी विचार करून सांगते.